बॅले: पायाचा आवाज लपवणारा नाच (आणि सौंदत्तीपासून दोन तासांवर बसून बघितलेली ‘ला बायादेर’)

साचेवाला_उद्यमबाग

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी नाचातला माणूस नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेत तीस वर्षं फौंड्रीवाल्यांचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने करून दिले, आधी सागवानाचे, आता ॲल्युमिनियमचे. नाटकाचा मात्र नाद आहे, रंगमंदिरात येईल ते बघायचं, आवडलं तर घरी येऊन बायकोचं डोकं खायचं. तर गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं व्हिएन्नाला सहा आठवडे जाऊन राहिलो. हिला नातू मिळाला, स्वयंपाकघर मिळालं, मला काय काम? घरात लुडबूड करुलालो म्हणून जावयानं युक्तीनं बाहेर काढलं, पप्पा तुम्ही ऑपेरा हाऊसला जाऊन या, उभं राहून बघायचं तिकीट स्वस्त असतंय.

गेलो. रांगेत उभारलो, तिकीट मिळालं, आत गेलो तर काय बघतो, लोक रेलिंगला आपला मफलर, स्कार्फ बांधून जागा धरतात आणि खुशाल चहा-कॉफीला निघून जातात, कोण कुणाच्या मफलरला हात लावत नाही. मला एकदम सेंट्रल बस स्टँडवर आल्यासारखं वाटलं, आपण खानापूर गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तसंच की! मी पण खिशातला रुमाल बांधला आणि कॉफीला गेलो.

खेळ होता ‘स्वान लेक’चा. पहिला पाऊण तास मी निव्वळ कंटाळलो. राजपुत्राचा वाढदिवस, सगळे नाचुलालेत, कोणी बोलेना. नाटकाची सवय असलेल्या माणसाला सारखं वाटतं, आता कोणतरी पुढं येऊन वाक्य टाकणार. टाकतच नाही कोण. दुसऱ्या अंकात तळं आलं, पांढऱ्या झग्यातल्या हंसिणी ओळीनं आल्या, वाजंत्री हळू झाली आणि त्या सगळ्याजणी एकदम धावल्या तेव्हा मला एक आवाज ऐकू आला. टप टप टप टप. कौलावर वळवाचे पहिले थेंब पडतात तसा. आधी वाटलं संगीतातलंच काहीतरी आहे. मग कळलं, बुटांचा आवाज आहे, आणि तो येऊ नये म्हणूनच या पोरी जिवाचं रान करुलालेत.

तिथं माझं लक्ष खरं लागलं. आपल्याकडं पाय वाजला पाहिजे म्हणून शंभर शंभर घुंगरू बांधतात, लावणी असो कथक असो, पाय ऐकू आला नाही तर पैसे परत मागतील लोक. तिकडं पाय वाजला की तेवढी कसर राहिली. उडी मारायची, ती पण पुरुषभर उंच, आणि खाली यायचं ते मांजरासारखं. वजन आहे हे दिसूच द्यायचं नाही. मी आयुष्यभर वजनाचा धंदा केला, त्यामुळं असेल, पण हे मला फार वेगळं वाटलं.

मग काळ्या हंसिणीच्या बत्तीस गिरक्या, एका पायावर, दुसऱ्या पायानं हवेत फटका मारून. मोजत होतो, एकोणिसाला टाळ्या सुरू झाल्या आणि मोजणी हुकली. शेवटी तळ्याचं पाणी चढतं आणि राजपुत्र बुडून मरतो. हे तिथलं खास आहे म्हणे, नुरेयेव्हनं १९६४ मध्ये व्हिएन्नात बसवलेलं. तेव्हा तो आणि मार्गो फाँटेन नाचले आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांनी त्यांना एकोणनव्वद वेळा पडद्यापुढं बोलवलं. एकोणनव्वद! गिनीज बुकात आहे. बालगंधर्वांच्या वन्स मोअरच्या गोष्टी आम्ही आजोबांकडून ऐकल्या, पण पद परत म्हणायला लावणं वेगळं, इथं नुसता नमस्कार बघायला लोक थांबले.

नंतर ‘जिझेल’ बघितलं, परत उभारूनच. ते जास्त आवडलं, सांगतो पुढं. आणि परत आल्यावर घरात लॅपटॉपवर ‘ला बायादेर’ बघितलं आणि तिथं मात्र गाडी अडकली. ते एका देवदासीचं आहे. कुणी बघितलंय का इथं? तुमचं काय मत?

निपाणीचा_नंदू

काका, सहा आठवडे व्हिएन्ना आणि सांगताय काय तर रुमाल. मानलं.

मला एक कळत नाही, तो चिकट पायजमा घालून पुरुष नाचतात तिकडं कसं बघायचं? आमच्या हिनं एकदा मोबाईलवर लावलं होतं, आमची आई म्हणाली अरे त्या पोराला कोणतरी धोतर द्या.

चिकोडी_ते_पुणे

@निपाणीचा_नंदू आईंना दंडवत :)

काका, जिझेलचं लिहा की, अर्ध्यात सोडू नका. आणि ते बूट लाकडाचे असतात ना पुढं?

साचेवाला_उद्यमबाग

लाकडाचे नव्हेत! मला पण तसंच वाटत होतं, लाकूड नाहीतर लोखंडाची टोपी असेल. तिकडं एका दुकानात काचेत एक बूट होता, विचारल्यावर त्या बाईनं हातात दिला. वजन काहीच नाही. पुढचं टोक म्हणजे कापड आणि कागदाचे थर आणि खळ, वाळवून कडक केलेले. वर साटीन. तळाला आतून एक कडक पट्टी, तिच्यावर पाऊल तोलायचं. बास. रिबन पण लावून येत नाही, नाचणारीनं आपल्या मापानं आपणच शिवायची. नवा बूट आणला की तो आधी वाकवायचा, दारात दाबायचा, भिंतीवर आपटायचा, टाचेखाली चिरडायचा, का तर नुसता कडक असला तर आवाज करतो.

आणि घामानं, पायाच्या गरमीनं खळ मऊ पडली की बूट संपला. मोठ्या नर्तकीला एका खेळाला एक जोड, कधी जास्तच लागतो. फौंड्रीवाले असतील त्यांना कळेल, कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून घालतात तो आमचा वाळूचा कोअर असाच. बाइंडर घालून कडक करायचा, वितळलेल्या लोखंडाच्या मधे तो जेमतेम टिकायचा, आणि कास्टिंग थंड झालं की फोडून झटकून टाकायचा. टिकाऊ झाला तर उलट पंचाईत, आतून निघत नाही. त्या बाईला हे सांगायचा फार मोह झाला पण माझं इंग्लिश आणि तिचं इंग्लिश, राहू दे म्हटलं.

आता जिझेल. खेड्यातली पोर, नाचायची आवड, काळीज नाजूक. एक सरदार वेषांतर करून येतो, शपथ घेतो, आणि त्याचं लग्न आधीच ठरलेलं असतंय. कळल्यावर ती भ्रमिष्ट होते. केस सोडून, मघाशी ज्या स्टेप त्याच्यासोबत केल्या त्याच परत करते, पण चुकीच्या, अर्धवट, जणू विसरलेलं पाठांतर म्हणतेय. आणि मरते. तिथं माझ्या शेजारी उभारलेला कॉलेजचा पोरगा नाक पुसत होता. मी पुसत नव्हतो असं नाही.

दुसऱ्या अंकात स्मशान, रात्र. लग्नाआधी फसवणूक होऊन मेलेल्या पोरींची भुतं, त्यांना विली म्हणतात. पुरुष सापडला की त्याला मरेपर्यंत नाचवायचं. आणि या भुतांची एक चाल आहे, दोन रांगा समोरासमोरून एका पायावर उड्या मारत एकमेकींच्या मधून जातात, दुसरा पाय मागं सरळ. इथं मात्र आवाज येतो! चोवीसजणी एकदम टेकतात, धप्प, धप्प, धप्प. लोक टाळ्या वाजवतात. मला मात्र अंगावर काटा आला, कारण मघापासून ज्यांना वजनच नाही असं वाटत होतं ती भुतंच वाजत चालली होती.

निपाणीचा_नंदू

आमच्या हडळींचे पाय उलटे, त्यांच्या हडळी अंगठ्यावर. ज्याची त्याची पद्धत.

अनगोळची_अक्का

साचेवाले, फार दिवसांनी कुणीतरी पायाबद्दल लिहिलं, बरं वाटलं. मी भरतनाट्यम् शिकले आणि बरीच वर्षं शिकवलं, तर माझी थोडी भर.

आवाजाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण त्याच्या मुळाशी जमीन आहे. आपला सगळा नाच अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं बसून, जमिनीला धरून. बॅलेत पण तसंच बसणं आहे, प्लिए म्हणतात, पाय मांडीच्या खुब्यातून बाहेर वळवलेले. बाजूबाजूला फोटो ठेवले तर चटकन ओळखू येणार नाही. पण आपण तिथं राहतो, ते तिथून निघून जातात. त्यांचं बसणं म्हणजे उडीची तयारी आणि उतरल्यावरची गादी. मांजरासारखं उतरतात म्हणालात ना, ते त्या प्लिएमुळं.

गिरक्यांबद्दल. चक्कर येत नाही कारण नजर एका जागी ठेवतात, अंग फिरतं आणि मान शेवटी झटक्यात. कथकवाले चक्कर घेतात तेव्हा पण हेच. ते बत्तीस पहिल्यांदा गाजवले पिएरिना लेन्यानी नावाच्या इटालियन बाईनं, पीटर्सबर्गमध्ये. स्वान लेकचा १८७७ चा मॉस्कोचा पहिला अवतार फारसा चाललाच नव्हता, १८९५ ला पेतिपा आणि इव्हानोव्ह यांनी परत बसवलं तेव्हा लेन्यानी त्यात होती. संगीत देणारा चायकोव्हस्की ते बघायला जिवंत नव्हता. तुम्हाला थेंबांचा आवाज आला तो तळ्याचा अंक इव्हानोव्हचा, पेतिपाचा नव्हे. त्याचं नाव कोण घेत नाही, म्हणून सांगितलं.

आणि कोण बोलत नाही म्हणता, ते बोलतात हो. हात डोक्यावर फिरवले की नाच. दोन बोटं वर केली की शपथ. मुठी आवळून मनगटं समोर एकमेकांवर टाकली की मरण. जिझेलमध्ये हे तिन्ही आहेत. परत बघा, वाक्यं ऐकू येतील.

खानापूर_करंबळ_गेट

सगळं ठीक आहे पण मला हा प्रकार जरा अतीच वाटतो. पोरींना हाडं दिसेपर्यंत उपाशी ठेवायचं, पायाची बोटं सोलवटून घ्यायची, आणि वरून हसायचं. कशासाठी? राजेरजवाड्यांच्या करमणुकीसाठी निघालेली कला ती. आमच्याकडं दशावतारी येतात, दिवसा शेतात असलेला माणूस रात्री रावण होतो, पोट सुटलेलं असलं तरी चालतंय. मला तो रावण आवडतो.

अनगोळची_अक्का

खानापूर, उपाशी राहण्याचं खरं आहे, नाकारत नाही. तिकडच्याच नर्तकी आता उघड बोलायला लागल्यात. पण सोलवटलेली बोटं बघून कलेला नाव ठेवायचं तर आमच्या टाचा पण बघून जावा एकदा :)

सौंदत्ती_रोडच्या_बाई

साचेवाल्यांनी बायादेरचं विचारलं आणि सगळे बूट आणि पायजम्यावर घसरले. मी नुसती वाचक असते इथं, पण याच्यावर लिहिते.

मी प्राथमिक शाळेत शिकवलं, रायबाग आणि सौंदत्तीकडं मिळून सव्वीस वर्षं. दाखला भरताना मुलीच्या नावापुढं बापाच्या नावाची जागा कोरी राहायची, आई म्हणायची, आईचंच लिवा बाई. आईच्या गळ्यात लाल-पांढरे मणी. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेली, देवदासी. कायदा काय म्हणतो? बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हाचा १९३४ चा एक आहे, नंतर कर्नाटकाचा १९८२ चा. दोन्ही कायदे होते आणि मणी पण होते. आता फार कमी झालंय, ते पण बायकांनी स्वतः एकत्र येऊन केलं म्हणून.

तर देवदासीवर तिकडं झगे घालून नाच करतात हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. काय गोष्ट आहे सांगाल का? खरंच विचारते, टोमणा नाही.

साचेवाला_उद्यमबाग

बाई, मला हेच बोलायचं होतं आणि कसं बोलावं कळत नव्हतं.

गोष्ट अशी. निकिया देवळातली नाचणारी. सोलोर म्हणून योद्धा, तो अग्नीसमोर तिला वचन देतो. मुख्य ब्राह्मणाचा तिच्यावर डोळा. राजा आपली पोर गामझात्ती सोलोरला द्यायचं ठरवतो, आणि हा गप्प बसतो. साखरपुड्यात निकियालाच नाचायला लावतात, तिला फुलांची टोपली देतात, टोपलीत साप. ब्राह्मण म्हणतो औषध देतो, माझी हो. ती सोलोरकडं बघते, तो दुसरीचा हात धरून बसलेला. ती औषध टाकून देते आणि मरते. मग तो अफू ओढतो आणि त्याला तिचं आणि तिच्यासारख्या कितीतरी सावल्यांचं स्वप्न पडतं.

आता हे सगळं पेतिपानं १८७७ ला पीटर्सबर्गात बसून केलं, भारत कधी बघितलाच नाही त्यानं. पहिले अंक बघताना मला हसू येत होतं, फकीर अग्नीभोवती उड्या मारतात, सोन्याचा देव उठून नाचतो, नमस्कार करायचा तो कपाळाला हात लावून मुसलमानी सलाम. यात्रेतल्या पडद्यावर ताजमहाल रंगवतात, पुढं उभारून फोटो काढायला, तसला भारत.

पण तो सावल्यांचा अंक, बाई. अंधारात मागं एक उतार. एक पांढरी बाई येते, पाय मागं उचलून पुढं झुकते, मग मागं कलून हात वर, दोन पावलं, परत झुकते. तिच्या मागून दुसरी. मग तिसरी. तेच, तेच, तेच. कुठं चोवीस, कुठं बत्तीस जणी. पाच-सात मिनिटं दुसरं काही नाही, आणि मी श्वास घ्यायचा विसरलो. आषाढात गावातून दिंडी जाते, संपतच नाही, तसं काहीतरी. आणि मग मनात आलं की या सगळ्या कोण? देवळातल्या मेलेल्या बायका. दोन तासांवर सौंदत्ती आहे. मग मी जे सुंदर म्हणून बघतोय ते नक्की काय बघतोय? बायको म्हणाली, एवढा विचार करत असशील तर बंद कर आणि जेवायला ये.

अनगोळची_अक्का

याला एक मागची बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बायादेर हा शब्द कुठला? आपल्याच शेजारचा. पोर्तुगीज गोव्यात देवळातल्या नाचणाऱ्यांना ‘बायलादेरा’ म्हणायचे, बायलार म्हणजे नाचणं. तो शब्द फ्रेंचांकडं गेला. चोर्ला घाट उतरला की शब्दाचं घर.

आणि १८३८ ला खऱ्या देवदासी पॅरिसला गेल्या होत्या. पाँडिचेरीजवळच्या देवळातल्या, सोबत त्यांचे वादक. त्यातली मुख्य अमनी. सगळं पॅरिस बघायला लोटलं. तेव्हा पॅरिसमध्ये बायादेरवरचा एक बॅले आधीच चालू होता, म्हणजे सोंग आधी आलं आणि खऱ्या बायका मागून. त्यांना बघून भारावून लिहिणाऱ्यांत एक कवी होता, थिओफिल गोतिए. आणि याच गोतिएनं तीन वर्षांनी, १८४१ ला, जिझेलची गोष्ट लिहिली. साचेवाले, तुम्हाला रडवलं त्या बाबानंच. पुढं १८५८ ला त्यानं शाकुंतलावर पण बॅले लिहिला, तो बसवला पेतिपाच्या थोरल्या भावानं. म्हणजे धाकट्या पेतिपानं भारत बघितला नाही हे खरं, पण घरात वारं होतं.

उलटं वारं पण आलं. रशियन बॅले नर्तकी ॲना पाव्हलोव्हा १९२२ च्या शेवटी इकडं येऊन गेली, नंतर लंडनमध्ये उदयशंकरना घेऊन राधाकृष्ण केलं, १९२३ ला. रुक्मिणीदेवी अरुंडेल आधी बॅलेच शिकत होत्या, पाव्हलोव्हाच्याच मंडळीतल्या क्लिओ नोर्डीकडं. पाव्हलोव्हानं त्यांना म्हटलं, आपल्या देशाचं बघ. मग त्यांनी देवदासींचा नाच शिकून १९३६ ला मद्रासला कलाक्षेत्र ही नाचाची शाळा काढली. मी त्याच वळणाचं शिकले. माझ्या अडवूत, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ स्टेपमध्ये, जी स्वच्छ रेघ आहे ती कुणाची, आणि जे काढून टाकलं ते कुणाचं, हा प्रश्न मला पंचवीस वर्षं आहे. त्यामुळं नुसत्या पेतिपाला शिव्या देऊन मी सुटत नाही.

खानापूर_करंबळ_गेट

हे माहीत नव्हतं. शब्द गोव्यातनं गेला हे भारीच.

पण २०१९ ला काहीतरी वाद झालेला ना, रशियात याच बॅलेत लहान पोरींना काळं फासून उभं केलेलं? अमेरिकेतली कृष्णवर्णीय नर्तकी मिस्टी कोपलंडनं फोटो टाकलेला. म्हणजे त्यांना अजून कळलेलं नाही.

अनगोळची_अक्का

झालेला. तिकडं काहींना यात गैर वाटत नाही, काहींनी बदल केले. सावल्यांचा अंक कुणी सोडत नाही, आजूबाजूच्या गोष्टीचं काय करायचं यावर घोळ आहे. सोव्हिएत काळात तर खेळ सावल्यांवरच संपायचा, देऊळ कोसळतं तो शेवट गाळलेला. १९८० ला नतालिया माकारोव्हानं अमेरिकेत तो परत घातला. साचेवाले, तुम्ही बघितलेल्यात देऊळ पडलं का?

साचेवाला_उद्यमबाग

पडलं की. सगळे गाडले गेले. जरा थर्माकोल वाटला खरा.

चिकोडी_ते_पुणे

मला सुरुवात करायची तर कुठनं करू? तिकीट काढून व्हिएन्ना जमायचं नाही, आत्ताच ईएमआय सुरू झालाय.

अनगोळची_अक्का

वर्ल्ड बॅले डे म्हणून असतो वर्षातून एकदा, मोठ्या कंपन्या आपली सकाळची तालीम युट्यूबवर फुकट दाखवतात. तिथनं कर. तालमीत संगीताला एक पियानो असतो, त्यामुळं बूट ऐकू येतात. आणि घामानं भिजलेले टीशर्ट बघितले की नंदूच्या आईंचा पण आक्षेप जाईल.

सौंदत्ती_रोडच्या_बाई

काल रात्री नातीनं लावून दिलं, नुसता सावल्यांचा भाग. बघितला.

गोष्टीचा मला राग आला नाही. साप टोपलीत घालतात ते तर खरंच आहे, नावं बदलली. आमच्याकडं श्रीकृष्ण पारिजाताचा लोकनाट्याचा खेळ व्हायचा रात्रभर, त्यात काम करणाऱ्या कौजलगीच्या निंगम्मांचं नाव आई काढायची, त्यात पण सत्यभामा रुसली की बायका रडायच्या, द्वारका कुणी बघितली होती?

एक सांगते. त्या रांगेत जी सगळ्यात पहिली उतरते तिला ते झुकणं सगळ्यात जास्त वेळा करावं लागतं, बाकीच्या मागनं येईपर्यंत ती करतच राहते. शेवटी सगळ्या ओळीत उभ्या राहतात, एक पाय हवेत धरून. मी तिलाच शोधत होते. ती पुढं डाव्या बाजूला होती आणि तिचा टेकलेला पाय थोडा थरथरत होता. नातीला म्हटलं मोठं कर चित्र. मोठं केल्यावर फुटलं, काही दिसेना. पण थरथरत होता.

साचेवाला_उद्यमबाग

बाई, मी तीनदा बघितलं, मला ते दिसलं नाही. आज परत बघतो.

निपाणीचा_नंदू

लिंक टाका कोणतरी. आई विचारुलाली.